गुणातात्यांची गोळी

नाईक सिस्टर नसत्या, तर त्या दुपारी डॉ. सिन्हांचा फोन घ्यायला मी त्या खुर्चीत नसतो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सिस्टर आमच्या इन्सुलीच्या उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांनी बाबांना समजावलं, स्वतःची रजा टाकून मला कणकवलीला नेलं आणि फार्मसीच्या प्रवेशाच्या रांगेत माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. पुढे सुटीत घरी आलो की मार्कलिस्ट आधी त्यांना दाखवायची, मग आईला, असा नियमच झाला होता. आईनेच घातलेला.

फोनवर डॉ. सिन्हा म्हणाले, "तांडेलना ट्रायलमधून बाहेर काढा. आजच."

मी एका मोठ्या हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. हॉस्पिटल गोव्यात, घर इन्सुलीला. रोज मोटारसायकलने हद्द ओलांडून जातो. नवीन औषध बाजारात येण्याआधी माणसांवर नियमाने तपासतात, त्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. डॉक्टर उपचार करतात. पेशंट वेळेवर येतो का, गोळ्या घेतो का, रक्ताचे नमुने नीट ठेवले जातात का, त्याला काही त्रास झाला तर तो कळवला जातो का, हे मी बघतो. डॉ. सिन्हा हे औषध बनवणाऱ्या कंपनीचे मेडिकल मॉनिटर. म्हणजे देशभरातल्या सगळ्या हॉस्पिटलांतल्या पेशंटांच्या सुरक्षिततेवर मुंबईत बसून नजर ठेवणारे डॉक्टर. ते हिंदीत बोलत. मी इथे मराठीत देतो.

आमची ट्रायल बी-सेल लिम्फोमावरच्या एका गोळीची होती. बी-सेल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. एरवी त्या आपलं रक्षण करतात. त्याच बेसुमार वाढू लागल्या की मानेत, काखेत, पोटात गाठी येतात. तो हा कॅन्सर. आमची गोळी त्या पेशींना वाढायचा निरोप देणारी तार तोडत असे. दिवसातून एकदा, घरबसल्या घ्यायची गोळी. चालली तर किमोची सुई नको.

गुणाजी तांडेल आमच्या ट्रायलमधले पेशंट. मालवणच्या पुढे खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांचं घर. जन्म होडीवर गेलेला. गावात सगळे त्यांना गुणातात्या म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. किमो होऊन गेली होती, आजार परत आला होता. दुसरा चांगला उपाय आमच्याकडे उरला नव्हता. गोळी सुरू झाली आणि मानेवरची लिंबाएवढी गाठ दोन महिन्यांत बोटाला लागेना. प्रत्येक व्हिजिटला तात्या मान वाकडी करून दाखवत. "बघा मॅडम, शोधा. गावली तर बक्षीस."

मॅडम म्हणजे डॉ. प्रियोळकर, आमच्या प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर. ट्रायलची शेवटची जबाबदारी त्यांची.

चतुर्थीनंतर सगळं बिघडलं. तात्यांच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेना. दंडावर, मांडीवर जांभळे डाग. छातीत धडधड. आम्ही गोळी थांबवली. डाग विरले. मग त्यांना भरती करून देखरेखीखाली पुन्हा गोळी दिली. आठवडाभर काहीही झालं नाही. ईसीजी साफ. तात्या वॉर्डात इतर पेशंटांना वादळांच्या गोष्टी सांगत होते. खुशीत घरी पाठवलं. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा रक्त, पुन्हा डाग, पुन्हा धडधड. या वेळी शालनकाकींनी, त्यांच्या बायकोने, त्यांना रिक्षात घालून मालवणला नेलं तेव्हा शर्ट पुढून पूर्ण भिजला होता.

"दोनदा झालं," सिन्हा म्हणाले. "याला गोळी सोसत नाही. प्रोटोकॉल स्पष्ट आहे." प्रोटोकॉल म्हणजे ट्रायलची नियमावली.

"सर, पण हॉस्पिटलात सोसली ना? तीच गोळी, तोच डोस."

"योगायोग असेल."

"मला थोडा वेळ द्या."

"तुला कशाला? तू कोऑर्डिनेटर आहेस."

 मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "डॉक्टर, गोळी आम्ही थांबवलेली आहेच. पेशंट सुरक्षित आहे. पण थांबवणं वेगळं आणि कायमचं बाहेर काढणं वेगळं. एकदा बाहेर काढला की परत घेता येत नाही, हे तुम्हीही जाणता. गोळी किती दिवस थांबवता येते, त्याची प्रोटोकॉलमध्ये मुदत आहे. ती मला पूर्ण हवी."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "हॉस्पिटलात ठीक, घरी बिघाड. घरी काय आहे, ते बघून ये. ऑफिशियल व्हिजिट म्हणून जा. आणि लवकर जा. आज मी मान तपासली. गाठ परत हाताला लागते आहे."

रविवारी सकाळी निघालो. कुडाळवरून मालवण, तिथून पुढे. तात्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून जाळं शिवत बसले होते. मला बघून ओरडले, "ये रे बाबा, ये! रगात काढूक हयसर पण इलंस?"

"आज नाय तात्या. आज नुसतो बघूक इलंय."

"बघ, बघ. बघूक पैसे पडणत नाय."

ऑफिसात मी प्रमाण मराठी बोलतो. तात्यांच्या खळ्यात पाय ठेवला की जीभ आपोआप घरच्या वळणावर जाते. कामात याचा फायदाच होतो. मी त्यांना सरळ विचारलं, कोणी वैदू, काढा, चूर्ण? सांधेदुखीची गोळी? मेडिकलवाल्याने दिलेलं काही? असल्या गोष्टी पेशंट हॉस्पिटलात सांगत नाहीत. लपवायचं म्हणून नाही. ते त्याला औषध समजतच नाहीत.

"काय एक नाय," तात्या म्हणाले. "तुमची गोळी आणि हिचा जेवान. दोनच गोष्टी पोटात जातत."

मी म्हणालो, मग जेवण बघतो. ते शालनकाकींना आवडलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्या रांदपात खोट काढूक इलंस? ह्याच जेवान खाऊन ह्यो माणूस इतकी वर्सा दर्यात गेलो. तेवा खंय होती तुमची गोळी?"

"काकी, खोट नाय. माका बघूक लागता."

"बघ तर. डबे उघड, मडकी उघड. पेजेत पण हात घालून बघ."

मी सगळं बघितलं. पेज, सोलकढी, बांगड्याचं तिखलं, सुके जवळे, कुळथाची पिठी. गरम मसाल्याचं पुडकंसुद्धा उघडून वास घेतला. रक्त पातळ करील असं काहीही नव्हतं. काकी मागून एकेक पदार्थाचं नाव मोठ्याने सांगत होत्या, कोर्टात साक्ष द्यावी तशा. मी हरलो आणि ओटीवर येऊन बसलो. आता मॅडमना काय सांगायचं, हा विचार चालला होता.

काकी बाहेर आल्या त्या बशी घेऊन. राग कितीही असो, आमच्याकडे माणूस दारातून रिकाम्या तोंडाने जात नाही. "घे. इतक्या लांबसून इलंस. आंबट आसा जरा, पण बरा लागता."

बशीत गुलाबी पाकळ्या होत्या. सोललेल्या, मोकळ्या केलेल्या, वर मीठ, लाल तिखट आणि चिमूटभर साखर. तोरंजन. शहरात याला पपनस म्हणतात. मोसंबीच्या घराण्यातलं, पण डोक्याएवढं फळ. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. तिला रानातली, परसातली नवी फळं बांधतात. तोरंजनाशिवाय माटवी शोभत नाही.

मी एक पाकळी तोंडात टाकली. आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी बारीकसा कडूपणा.

त्या कडूपणाशी मी थांबलो.

आमच्या पेशंटांना एक माहितीपत्रक दिलं जातं. काय खाऊ नये, त्यात एका फळाचं नाव असतं: ग्रेपफ्रूट. परदेशात ते नाश्त्याला खातात. त्याच्या रसाने काही औषधं रक्तात भलतीच वाढतात. आमची गोळी त्यातली एक. हे फळ सिंधुदुर्गात कोणी पाहिलेलं नाही. म्हणून ती ओळ वाचून सगळे पुढे जात. तात्यांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्यां खंय गावता?" आणि आम्ही सगळे हसलो होतो. पण फार्मसीच्या पुस्तकात मी एक गोष्ट शिकलो होतो. ग्रेपफ्रूट हे मुळात पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून आलेलं झाड. पपनस त्याची आई. जो गुण पोरात, तो आईत असायची दाट शक्यता.

"काकी, ह्यां तात्या रोज खातत?"

"रोज म्हणजे? सकाळ-सांज. किमो झाल्यापासून तेंच्या तोंडाक चवच नाय. भात नको, मासो नको. ह्यां एक तेवढा मागून खातत."

"कधीपासून?"

उत्तर तात्यांनी दिलं. "चवथीपासून. चवथीच्या आदी कसा खातलंव? देवाच्या माटवेक लागल्याशिवाय नवा फळ आमच्या घरात कोण तोंडाक लावणा नाय."

चतुर्थीपर्यंत गोळी उत्तम चालली होती. चतुर्थीनंतर रक्त. हॉस्पिटलात तोरंजन नव्हतं, तिथे पुन्हा ठीक. घरी आले, पुन्हा बशी, पुन्हा रक्त. मी उठून परसात गेलो. विहिरीजवळ झाड होतं. फळांच्या भाराने फांद्या वाकल्या होत्या. अर्ध्या गावाच्या माटवीला त्याच झाडाची तोरंजनं जातात, हे तात्यांनी अभिमानाने सांगितलं.

मी दोघांना समजावून सांगितलं. "आमच्या इन्सुलीक नाको आसा ना? गाडयो थांबवतत, तपासतत. तसो आपल्या आतड्यात पण एक नाको आसा. पोटात जाणाऱ्या गोळयेतलो बरोचसो भाग तो थयच अडवता. थोडी गोळी रक्तात जाता. डॉक्टर ह्या सगळा धरूनच डोस ठरवतत. तोरंजनाच्या रसान तो नाको बंद पडता. मगे सगळी गोळी एकदम आत."

तात्यांनी परसातल्या झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तोरंजनान नाकेवाल्याक झोपयल्यान."

यापेक्षा सोपं मी आजवर कुठल्या लेक्चरमध्ये ऐकलेलं नाही.

काकी मात्र पायरीवर बसल्या. चेहरा उतरला होता. "म्हणजे मीच माझ्या हातान तेंका..."

"गप गो," तात्या म्हणाले. "वीख घातलंस काय? फळ घातलंस. खाणारो मी. आणि तेवढा फळ नसता तर मी उपाशीच मेलो असतंय." तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं. ते उठून भिंतीवरचा कोयता काढू लागले.

"खंय चललंत?"

"तोडतंय झाड."

"खुळे झालंत काय? फुडल्या चवथीक माटवेक काय बांधतलंत? ठेवा तो कोयतो!"

कोयता परत गेला. झाडाने काही बिघडवलेलं नाही, फक्त तुम्ही खाऊ नका, असं मी सांगितलं. काकींनी त्याच दिवशी उरलेली सगळी फळं पोत्यात भरून वाडीत वाटली. प्रत्येक घरात बजावलं, "गुणाजी मागूक इलो तरी फळ देव नको हा!" तात्या नंतर तक्रार करत होते, की आपण चोर असल्यासारखं सगळी वाडी आपल्याकडे बघते.

मॅडमना मी तिथूनच फोन केला. सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "बॅकअप सॅम्पल आहेत?"

ट्रायलमध्ये ठरलेल्या दिवशी, आणि त्रास झाला तर त्या दिवशीही, घेतलेल्या रक्ताचा एक जादा भाग उणे सत्तरच्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवतात. मुख्य नमुना वाटेत फुटला तर असावा म्हणून. तात्यांचे तीन नमुने तिथे होते. एक चतुर्थीच्या आधीचा. एक पहिल्यांदा रक्त आलं त्या दिवसाचा. एक वॉर्डात ठीक असतानाचा. गोळी घेतल्यापासून तेवढ्याच तासांनी तिन्ही घेतले होते. वेळ तंतोतंत सांभाळायची सवय मला नोकरीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी ओरडून ओरडून लावली होती.

सोमवारी सिन्हांशी कॉल झाला.

"पपनस?" ते म्हणाले. "यादीत पपनस नाही."

"यादी परदेशात बनली आहे," मॅडम म्हणाल्या.

"पुरावा काय? फार तर त्यांना पुन्हा फळ द्या, गोळी द्या आणि रक्त मोजा."

"ते मी करणार नाही. पेशंटचा शर्ट रक्ताने भिजलेला त्याच्या बायकोने पाहिलाय. फ्रीझरमध्ये तीन नमुने आहेत. ते मोजा. कोणालाही काही खायला न घालता उत्तर मिळेल."

सिन्हा म्हणाले, "ठीक. पाठवा. पण मुदत वाढवून मिळणार नाही."

कोरड्या बर्फाच्या पेटीत नमुने गेले. वाट बघणं हे या कामातलं सर्वात कठीण काम. गोळी बंद होती आणि तात्यांची गाठ दर दोन दिवसांनी मोठी होत होती. आता बोटाने शोधावी लागत नव्हती, समोरून दिसत होती. तात्यांनी मान वाकडी करून दाखवणं बंद केलं होतं. काकी फोन करून एवढंच विचारत, "इलो काय रे निकाल?" मी म्हणे, "नाय काकी, आजून नाय." 

मुदत संपायला दोन दिवस असताना सिन्हांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"चतुर्थीच्या आधीचा नमुना अपेक्षेप्रमाणे," ते म्हणाले. "वॉर्डातलाही अपेक्षेप्रमाणे. मधल्यात औषध कितीतरी पट जास्त आहे. एवढ्या गोळीने कोणाच्याही नाकातून रक्त आलं असतं."

मॅडमनी टेबलावर हात आपटला. त्या असं कधी करत नाहीत.

"एक सांगू?" सिन्हा पुढे म्हणाले. आवाज बदलला होता. "मी बिहारचा. छठच्या पूजेला आमच्या घरी सुपात चकोतरा असतो. तेच फळ. पूजा झाली की आम्ही मुलं त्यावर तुटून पडायचो. मी स्वतः हे फळ खात वाढलो, आणि यादी मंजूर करताना माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या कोऑर्डिनेटरला द्या फोन."

मी म्हणालो, "ऐकतोय, सर."

"तू वेळ मागितलास ते बरं केलंस. तांडेलना गोळी सुरू करा. पूर्ण डोस."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मॅडमसमोर गोळी घेतली. आम्ही सगळे बघत होतो. ते म्हणाले, "काय बघतास? ही काय वरात आसा?" 

रक्त आलं नाही. डाग आले नाहीत. छाती शांत राहिली. गाठ आधी मऊ झाली, मग लहान, मग नाहीशी. एका व्हिजिटला तात्यांनी दारातूनच मान वाकडी केली, तेव्हा मला कळलं की आता बरं चाललंय. सहा महिन्यांनी पेट स्कॅन झाला. शरीरात कुठे कॅन्सर जिवंत आहे ते त्यात उजळून दिसतं. तात्यांच्या स्कॅनमध्ये काहीही उजळलं नव्हतं. याला आमच्या भाषेत कम्प्लीट रिस्पॉन्स म्हणतात. कॅन्सर कायमचा गेला असा त्याचा अर्थ नाही, आणि मी तसं तात्यांना सांगितलंही नाही. पण या आजारात ऐकायला मिळणारं यापेक्षा चांगलं वाक्य मला माहीत नाही.

देशातल्या सगळ्या हॉस्पिटलांचं माहितीपत्रक बदललं. आता त्यात ग्रेपफ्रूटच्या शेजारी त्या त्या भाषेतलं फळाचं नाव आहे आणि रंगीत चित्र आहे. आमच्या पत्रकावर पपनस आणि तोरंजन, दोन्ही. नवं पत्रक गेल्यावर आठवड्याभरात पूर्वेकडच्या एका हॉस्पिटलातल्या कोऑर्डिनेटर मुलीचा मला फोन आला. तिच्या एका पेशंटला असेच डाग येत होते आणि कारण सापडत नव्हतं. तिने चित्र दाखवताच पेशंट म्हणाला, हे तर आमच्या अंगणात आहे.

धडा साधा आहे. पेशंटने काय खाऊ नये ते सांगण्याआधी त्याच्या परसात काय पिकतं ते बघून यावं. त्याला कुठली मशीन लागत नाही. एक रविवार जातो.

स्कॅनचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी एक पत्र लिहिलं आणि निवृत्तीनंतर सिस्टर राहतात त्या पिंगुळीच्या पत्त्यावर पाठवलं. ते असं:

आदरणीय नाईक सिस्टर,

सा. न.

फोन करता आला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही.

लिम्फोमाचे एक पेशंट आहेत, मालवणकडचे. त्यांची गोळी कायमची बंद होणार होती. झाली नाही. आज त्यांचा स्कॅन पूर्ण साफ आला. यात मोठं काम मॅडमचं आणि औषधाचं. थोडं माझंही आहे, हे तुम्हाला सांगायला संकोच वाटत नाही.

निकाल त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग मला जवळ बोलावून विचारलं, "तू कोणाचो रे?" आपल्याकडे विचारतात तसं. मी बाबांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणालो, घरचे तर आहेतच, पण या खुर्चीपर्यंत आणणाऱ्या आमच्या उपकेंद्रातल्या नाईक सिस्टर.

ते म्हणाले, "मगे तेंका कळव. सांग, तुमचो झील कामाक इलो."

मुलगा म्हणाले ते मी दुरुस्त केलं नाही. सांगितलं तसं कळवतो आहे.

तुमचा,
सुहास